टोपी, तपकिरी सदरा आणि नावाची पट्टी

मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत आमच्या हातातून कात्री सुटत नाही. शाळांचा सीझन. आमचा कारखाना सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून आत. खाली कटिंग, वर मशीन, गच्चीवर पत्र्याखाली इस्त्री आणि पॅकिंग. सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आठवते, पण गेली बरीच वर्षं या गावाचा मोठा धंदा गणवेशाचा आहे. शाळेचे, दवाखान्याचे, हॉटेलचे, सिक्युरिटीचे गणवेश इथे शिवले जातात आणि परराज्यांतच नाही, परदेशातही जातात. गणवेशाचं स्वतंत्र प्रदर्शन भरवणारं गाव आहे हे. तेव्हा गणवेश कुठून येतो, कोण शिवतो आणि तो अंगावर चढल्यावर काय होतं, हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकातला नाही.

या वर्षी ऐन सीझनमध्ये एक विशीतला मुलगा आला. गल्लीतलाच, ओळखीच्या घरातला. मोबाइलवर फोटो काढून माझ्यापुढे धरला. काळा कोट, कमरेला आणि खांद्यावरून पट्टा, कॉलरवर चंदेरी काम, उंच टोपी. म्हणाला, "अण्णा, असा शिवून देता का ओ? आमच्या ग्रुपचे बारा नग. ती खूण नको, चिन्ह नको, फक्त कट तसाच पायजे. हिटलरच्या लोकांचा आहे. काय रुबाब आहे बघा की."

मी नाही म्हणालो. त्याने का म्हणून विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, की चांगली माणसं नव्हती ती. त्याने मान हलवली आणि गेला. त्याला ते पटलं नव्हतं, आणि मलाही ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. चांगली नव्हती हे त्यालाही माहीत होतं. त्याला माणसं नकोच होती, कपडा हवा होता. माणूस वाईट असेल, पण शिलाईचा काय दोष, हा त्याचा न विचारलेला प्रश्न होता. मी आयुष्यभर शिलाईवर जगलेला माणूस. त्याचं उत्तर माझ्याकडे असायलाच हवं.

पहिली गोष्ट म्हणजे, त्या मुलाला वाटतं तसा तो पोशाख कुठल्या प्रतिभावंताने बसून घडवलेला नाही. नाझी पक्षाच्या दंडेलखोर पथकाचा, म्हणजे एसएचा, तपकिरी सदरा घ्या. जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत सैन्य होतं. उष्ण हवेसाठी त्या सैनिकांकरता तपकिरी सदरे शिवले गेले. पहिलं महायुद्ध जर्मनी हरली, वसाहती गेल्या, सदरे गोदामात पडून राहिले. गेरहार्ड रोसबाख नावाच्या एका निमलष्करी टोळीच्या म्होरक्याला हा माल ऑस्ट्रियात स्वस्तात मिळाला आणि त्याने तो उचलला. १९२६ पर्यंत तोच पक्षाचा अधिकृत सदरा झाला. म्हणजे ज्या रंगाने पुढे युरोपला कापरं भरवलं, तो रंग कुणी निवडलेला नव्हता. तो पडून राहिलेला माल होता. आमच्या भाषेत डेड स्टॉक. डेड स्टॉक म्हणजे काय हे ज्याच्या गोदामात कधी शाळेने नाकारलेल्या मालाची पोती पडली आहेत त्यालाच कळतं. मिळेल त्या भावाने तो जावा असं वाटतं, आणि घेणारा कोण हे कुणी विचारत नाही.

इटलीतल्या काळ्या सदऱ्याचंही तसंच. पहिल्या महायुद्धातल्या इटलीच्या धाडसी पथकांचा तो वेश, युद्ध संपल्यावर बेकार फिरणाऱ्या सैनिकांनी अंगावर ठेवला आणि मुसोलिनीने तो पक्षाचा केला. टोपीवरची कवटी तर आणखी जुनी, जर्मनीतल्या प्रशियाच्या घोडदळाची, अठराव्या शतकातली. हिटलरच्या खास पहाऱ्याच्या पथकाच्या, म्हणजे एसएसच्या, त्या दोन विजेसारख्या रेघा वाल्टर हेक नावाच्या, बिल्ले बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या चित्रकाराने काढल्या. त्या वापरण्याच्या हक्कापोटी त्याला अडीच मार्क मिळाले. त्या मुलाने दाखवलेला काळा कोट १९३२ चा. तो कार्ल डिबिट्श या चित्रकाराने हेकच्या मदतीने बेतला खरा. पण यातलं बहुतेक उसनं होतं. जुन्या सैन्याचा दरारा उचलून नव्या गुंडांच्या अंगावर चढवला होता. दरारा दुसऱ्याने कमावलेला होता. रुबाब रुबाब म्हणतो तो हाच.

ह्यूगो बॉसने हे कपडे डिझाइन केले असं पुष्कळ लोक सांगतात. ते खरं नाही. त्याने ते शिवले. मला त्याची गोष्ट डिझाइनच्या गोष्टीपेक्षा जास्त जवळची वाटते, आणि म्हणून जास्त घाबरवते. जर्मनीतल्या मेट्झिंगेन नावाच्या छोट्या गावात १९२४ साली त्याने कारखाना काढला. सदरे, कामाचे कपडे, रेनकोट. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एक म्युनिचचा कापडवाला होता, त्याच्या ऑर्डरीत तपकिरी सदरे होते. मग मंदी आली. १९३१ साली तो दिवाळखोरीच्या तोंडावर उभा होता. देणेकऱ्यांशी तडजोड झाली, हातात सहा शिलाई मशीन उरल्या. त्याच साली तो नाझी पक्षाचा सभासद झाला. पुढे पक्षाने गणवेशाच्या खरेदीचं एक केंद्रीय खातं काढलं आणि त्या खात्याचा परवाना असेल त्यालाच माल करता येऊ लागला. बॉसला परवाना मिळाला. १९३२ साली त्याची विक्री सुमारे ३८ हजार मार्कांची होती, १९४१ साली ती ३३ लाखांच्या पुढे गेली.

सहा मशीन म्हणजे काय हे मला माहीत आहे. आम्ही चार मशीनवर सुरू केलं होतं. पावसाळ्यानंतर ऑर्डर नसते तेव्हा रिकाम्या मशीनकडे बघवत नाही. कारागीर बसून असतो, भाडं चालू असतं, दोरीवाल्याचं आणि बटणवाल्याचं देणं असतं. अशा वेळी दारात मोठी ऑर्डर घेऊन कुणी आलं, तर ते लोक कोण आहेत हा विचार मनात येतो, पण तो मागे ढकलला जातो. मी त्या काळी मेट्झिंगेनमध्ये असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मी छातीठोकपणे देऊ शकत नाही. पण बॉस तेवढ्यावर थांबला नाही. युद्धाच्या काळात त्याच्या कारखान्यात सक्तीने आणलेले १४० मजूर होते, त्यात बहुतेक बायका, आणि ४० फ्रेंच युद्धकैदी. पोटासाठी घेतलेली ऑर्डर दहा वर्षांत गुलामांकडून पूर्ण करून घेतली जाऊ लागली. युद्धानंतर त्याला दंड झाला, मताचा हक्क काढून घेतला. १९४८ साली तो मेला. कंपनीने २०११ साली, इतिहासकाराकडून सगळं लिहून घेतल्यावर, जाहीर माफी मागितली.

आणि रावेन्सब्रुक. बर्लिनच्या उत्तरेला बायकांसाठी काढलेली छळछावणी. तिथे एसएसने स्वतःची कापडाची कंपनी काढली होती. कैदी बायका पाळ्यापाळ्यांनी मशीनवर बसायच्या आणि ज्या सैनिकांनी त्यांना तिथे आणलं त्यांच्याच वर्द्या शिवायच्या. ठरलेले नग झाले नाहीत की मार. आमच्याकडेही नगावर दर असतो, आणि संध्याकाळी नग मोजताना मशीनवरच्या बाईच्या चेहऱ्यावर जी धास्ती असते ती मी रोज बघतो. आमच्या कामगारांत बऱ्याच जणींच्या आया विड्या वळायच्या, त्यांचेही नगच मोजले जायचे, आणि कमी भरले की पैसे कापले जायचे. त्या धास्तीची आणि रावेन्सब्रुकची तुलना मी करत नाही, करू नये. एवढंच, की तो काळा कोट ज्याने बघितला त्याने त्याचं काज कुणी केलं हेही बघावं. फोटोत ती बाई नसते.

इथे कुणी म्हणेल, मग गणवेश हीच वाईट गोष्ट. सगळ्यांना एकसारखं करणारी, माणसाचं माणूसपण पुसणारी. मला हे मान्य नाही, आणि सोलापूरच्या माणसाला तर ते मान्य होऊच नये.

१९३० सालचा मे महिना. गांधीजींना अटक झाली आणि गाव पेटलं. ८ तारखेला रूपाभवानी मंदिराजवळ शिंदीची झाडं तोडायला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल गावात राहिला नाही. त्या दिवसांत काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यावर उभं राहून रहदारी सांभाळली. मग मार्शल लॉ पुकारला गेला, जूनअखेरपर्यंत चालला. त्या काळात या गावात गांधी टोपी घालून बाहेर पडणं हा गुन्हा होता. पांढऱ्या खादीचा एक तुकडा, दुमडला तर खिशात मावेल एवढा. तो डोक्यावर दिसला की सैनिक काढायला लावत, मारत, धरून नेत. जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याला एका टोपीची भीती वाटत होती, ती सोलापुरात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या चार पुतळ्यांजवळून जाताना आम्ही अजूनही मान वळवून बघतो.

गांधी टोपी हाही गणवेशच होता. हजारो लोक एकसारखे दिसत होते. त्याच वर्षी वायव्येला पेशावरकडे खान अब्दुल गफ्फार खानांचे खुदाई खिदमतगार विटकरी लाल सदरे घालत होते. पांढरे कपडे लगेच मळतात, रोज धुणं गरिबाला परवडत नाही, म्हणून ते रंगवले. आणि गांधीजींनी टोपीला पांढराच रंग घेतला याचं एक कारण असं सांगतात, की मळली तर दिसली पाहिजे, म्हणजे धुतली जाते. दोघांचा हिशोब एकच, साबणाचा. दोन्ही वेश सामान्य माणसाच्या घरातून निघाले. एसएच्या तपकिरी सदऱ्याबद्दलही तसंच म्हणता येईल, तोही स्वस्तातला माल होता. मग फरक कुठे आहे?

फरक कापडात नाही, रंगात नाही, कटमध्ये तर नाहीच. गांधी टोपी घालणारा माणूस स्वतःवर संकट ओढवून घेत होता. ती टोपी म्हणजे, मी इथे आहे, मला धरा, माझं नाव लिहून घ्या, असं सांगणं होतं. तपकिरी सदऱ्याचं उलट होतं. तो घातला की मारणारा हात गर्दीत मिसळून जायचा. एकाने डोकं फोडलं तर ते कुणी फोडलं हे सांगता यायचं नाही. सदऱ्याने फोडलं, एवढंच दिसायचं.

जर्मनीतल्या सरकारांना हा धोका दिसला नव्हता असं नाही. १९३० च्या जूनमध्ये बव्हेरिया आणि प्रशिया या प्रांतांनी तपकिरी सदऱ्यावर बंदी घातली. टोळ्यांनी पांढरे सदरे घातले आणि मोर्चे चालू ठेवले. ऑक्टोबरमध्ये संसद भरली तेव्हा पक्षाचे १०७ खासदार तपकिरी सदऱ्यात आत बसले. १९३२ च्या एप्रिलमध्ये पथकावरच बंदी आली, जूनमध्ये नव्या सरकारने ती उठवली, आणि त्या उन्हाळ्यात रस्त्यावर माणसं मेली. इंग्लंडने थोडं शहाणपण दाखवलं. मोस्ली या तिथल्या फॅसिस्ट पुढाऱ्याच्या काळ्या सदरेवाल्यांच्या मोर्चावरून लंडनच्या पूर्व भागात दंगल झाल्यावर १९३६ साली कायदा करून राजकीय गणवेशावरच बंदी घातली. तिथे ती टिकली, कारण न्यायालय आणि पोलीस त्या पक्षाच्या खिशात नव्हते. कपड्यावरची बंदी तेवढ्यापुरतीच कामाची असते. सदऱ्याचा रंग बदलला की ती संपते.

जर्मनीत खरा घात बंदी उठल्यावर झाला आणि तो एका पट्टीने झाला. २२ फेब्रुवारी १९३३. हिटलरला सत्तेवर येऊन महिनाही झाला नव्हता. त्याचा मंत्री गोअरिंग याने प्रशियात फर्मान काढलं आणि एसए, एसएस आणि आणखी एका सैनिकी संघटनेची मिळून सुमारे ५० हजार माणसं सहायक पोलीस म्हणून नेमली. त्यांना नवा गणवेश दिला नाही. त्यांच्या जुन्याच सदऱ्याच्या बाहीवर एक पांढरी पट्टी बांधली. काल जो गल्लीतला गुंड होता, तो आज दार ठोठावून घरात शिरला तर तो पोलीस होता. पिस्तूल त्याच्याकडे होतं, कायदा त्याच्याकडे होता. कुणी नेलं, कुठे नेलं, नाव काय, हे घरच्यांनी कुणाला विचारायचं?

एका पट्टीचा खर्च काय येतो? कापडाची चिंधी, दोन टाके. माझ्या कारखान्यात ते काम एक हेल्पर पोरगी संध्याकाळपर्यंत शेकड्यांनी करेल. हुकूमशाहीच्या पोशाखाबद्दल वाचलेल्या सगळ्या गोष्टींत मला हीच गोष्ट सगळ्यात भयंकर वाटते.

दुसऱ्या बाजूलाही पट्ट्याच होत्या. ज्यू माणसाला, मूल असेल तर सहा वर्षांवरच्या मुलालाही, १९४१ पासून जर्मनीत पिवळा तारा छातीवर शिवून घ्यावा लागला, आणि तो त्यांनाच विकत घ्यायला लावला. एकेका ताऱ्याला दहा फेनिग. छावणीत पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, त्यावर रंगीत त्रिकोण. राजकीय कैद्याला लाल, समलैंगिकाला गुलाबी, यहोवाच्या साक्षीदारांना जांभळा. आणि त्रिकोणाजवळ नंबर. मारणाऱ्याला नाव नाही आणि मार खाणाऱ्यालाही नाव नाही. एकाचं नाव झाकलं होतं, दुसऱ्याचं काढून घेतलं होतं.

हे सगळं दूर जर्मनीत झालं असं म्हणून सुटका नाही. सोलापुरात सेटलमेंट होती. आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि त्यांना काटेरी तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. गावातल्या गिरण्यांना मजूर लागायचे, ते या कुंपणातूनही जायचे. आमच्या गावाच्या कापडात तो धागा आहे. तो कायदा देशभरातून १९५२ च्या ऑगस्टमध्ये संपला. पण माणसाकडे माणूस म्हणून न बघता यादीतला एक नग म्हणून बघायची सवय आम्ही परदेशातून आणली, असं निदान आम्ही तरी म्हणू नये.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला हक्क नाही. काही वर्षांपूर्वी, सीझन संपल्यावर, एका संघटनेची ऑर्डर आली. नाव सांगत नाही. स्वयंसेवक म्हणवणारी मुलं, यात्रेत आणि मिरवणुकीत बंदोबस्ताला उभी राहणार. खाकी ड्रिल पाहिजे, खांद्याला पट्टी, दोन्ही खिशांना फ्लॅप, डाव्या बाहीवर बिल्ला. आणि एक वाक्य, जे मला अजून आठवतं, "लांबून पोलिसासारखं दिसलं पाहिजे." मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मास्तर म्हणजे आमचे कटिंगमास्टर, वयाने माझ्या वडिलांसारखे. ते काही बोलले नाहीत. मी हो म्हणालो. मशीन रिकाम्या होत्या.

पुढे एका बाजाराच्या दिवशी ती मुलं मी पाहिली. एका फेरीवाल्याची गाडी बाजूला सरकवत होते. गाडीवाला बिचारा सलाम करत होता. तो त्यांना पोलीस समजत होता, आणि ते त्याला तसं समजू देत होते. तो सलाम माझ्या खाकीला होता. मी तिथून निघून गेलो. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

सरकारी नोकराचा वेश फसवण्याच्या हेतूने घालणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, पूर्वी दंडविधानात होता, आता भारतीय न्याय संहितेतही आहे. पण तो घालणाऱ्याचा गुन्हा. शिवणाऱ्याला कुणी विचारत नाही. आणि 'अगदी तसा नाही, तसा दिसतो' या एवढ्याशा फटीतून सगळं सुटतं. खाकी हा रंगच कुणाच्या मालकीचा नाही. १८४६ च्या सुमाराला पेशावरला इंग्रज अधिकारी लम्सडेनने आपल्या गाइड्स पलटणीला मातकट रंगाचे कपडे दिले, तिथून तो जगभर गेला. खाक म्हणजे धूळ, फारसीतली. धुळीत मिसळून दिसू नये म्हणून रंगवलेला तो कपडा. आपल्याकडे मात्र तो दिसावा म्हणून घातला जातो.

म्हणून माझं म्हणणं एका जागी येऊन थांबतं, आणि ती जागा कापडावर आहे. उजव्या खिशाच्या वर, शिवणीला समांतर. तिथे नावाची पट्टी हवी.

पूर्वी आपल्याकडे पोलिसाला लोक बक्कल नंबरने ओळखायचे. तक्रार करायची तर बक्कल नंबर सांगा, असं ठाण्यात म्हणायचे. नंबरही काही कमी नाही, तो पकडून माणसापर्यंत पोचता यायचं. पण लाठी उगारली जात असताना पट्ट्यावरचा आकडा कोण वाचणार? १९९६ च्या डिसेंबरमध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अटक करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव आणि हुद्दा स्पष्ट, अचूक, दिसेल असा हवा. तो खटला बंगालमधून कोठडीतल्या मृत्यूंबद्दल लिहिलेल्या एका पत्रातून उभा राहिला होता. पुढे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात ४१ ब हे कलम आलं, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम ३६ मध्ये, तेच शब्द आहेत. या देशाने गणवेशाबद्दल घेतलेला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हा वाटतो. रंग कोणता, टोपी कशी, यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. गणवेशातल्या माणसाला नाव असलं पाहिजे, कारण त्याला उत्तर द्यावं लागणार आहे.

नावाची पट्टी त्या काळी जगात फारशी कुठेच नव्हती, हे मला माहीत आहे. जर्मन सैनिकाच्या छातीवर नव्हती, तशी इंग्रज सोजिराच्याही नव्हती. पट्टी असती तर नाझी झाले नसते असं मी म्हणत नाही. पट्टी काढून ठेवता येते, उलटी लावता येते, जॅकेटखाली झाकता येते. दंगलीच्या बंदोबस्तात ती झाकली जाते हे टीव्हीवरच्या चित्रांत कुणीही बघू शकतो. पण ती झाकणारा माणूस आपण काहीतरी चुकीचं करतो आहोत हे कबूल करत असतो, आणि लोकशाहीत तेवढं तरी त्याच्या अंगावरून वाचता आलं पाहिजे.

सोलापूरच्या गणवेशवाल्यांनी इथे आपला वाटा उचलावा असं मला मनापासून वाटतं. आपण लाखो नग बाहेर पाठवतो. सिक्युरिटी कंपनीचा असो, बाउन्सरचा असो, एखाद्या सेनेचा, दलाचा, मंडळाचा असो, दुसऱ्या माणसाला अडवण्याचं, तपासण्याचं, हटवण्याचं काम ज्या कपड्यात होणार, तो नावाच्या पट्टीशिवाय आपण शिवू नये. पोलिसासारखा किंवा सैन्यासारखा दिसणारा माल लेखी परवानगीशिवाय घेऊ नये. एकट्याने हे केलं तर ऑर्डर शेजारच्या गल्लीत जाते, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून गणवेशवाल्यांच्या संघटनेने ठरवावं. चादरीला भौगोलिक मानांकन मिळवण्यासाठी हे गाव एकत्र आलं होतं. या बाबतीतही येऊ शकतं.

शाळेच्या गणवेशाबद्दल विचारलं जाईल म्हणून दोन वाक्यं. मुलांच्या गणवेशाची बाजू मी घेतो, कारण वर्गात कुणाच्या घरी किती आहे ते कॉलरवरून कळू नये. पण 'एक राज्य, एक गणवेश' निघाला तेव्हा मला ते पटलं नव्हतं. वेळेवर कपडे न पोचल्याचा गोंधळ झाला, २०२४ च्या डिसेंबरमध्ये सरकारने निर्णय मागे घेऊन अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले, हे योग्यच झालं. पण गोंधळ झाला नसता तरी ते योग्य ठरलं असतं. शाळेचा रंग गावातल्या आईबापांनी बसून ठरवावा, मुंबईत बसून कुणी ठरवू नये.

तो मुलगा परत आला. त्याला मी हे सगळं सांगितलं, इतक्या लांबीने नाही. रावेन्सब्रुकचं सांगितलं तेव्हा तो मशीनवर बसलेल्या बायकांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग आम्हाला काय घालायचं?" मी म्हणालो, पांढरा सदरा शिवून देतो, बारा नग, आणि प्रत्येकाचं नाव खिशावर भरतकामात. तो विचार करून सांगतो म्हणाला आणि गेला, अजून आलेला नाही.

ऑर्डरबुकात मी एक रकाना वाढवला आहे. गिऱ्हाइकाचं नाव, माप, नग, दर, आणि त्याच्या शेजारी 'नावाची पट्टी: कुठे, केवढी'. सिक्युरिटीच्या दोन ऑर्डरी त्या रकान्यावरून परत गेल्या. एकाने मान्य केलं, पण पट्टी वेल्क्रोची द्या म्हणाला, काढता यावी म्हणून. मास्तरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की आमच्याकडे पट्टी चारही बाजूंनी शिवतात.